सोनेरी शाईतली ओळ

सेलू, माघ वद्य पंचमी, फसली १३५२

अंगठा राखेने दोनदा घासला. सोनेरी जात नाही.

दुपारी शेजारची गोदूबाई लेकीची लग्नपत्रिका वाचून घ्यायला आली. आळीत वाचता येणारी बाई मी एकटीच. काशी चौदाची, नवरा पन्नाशीचा अडत्या. दोन बायका गेल्या. तिसरं लग्न अशुभ, म्हणून ते रुईच्या झाडाशी लावून घेतलं. आता काशी. पत्रिकेवर सोनेरी शाईत ती नाटकातली ओळ, प्रेमाला वय दिसत नाही. हल्ली अत्तराच्या बाटलीवरही असते. रुईच्या लग्नात का नाही छापली? शिसारी आली.

नाटक वाचलंय कुणी? शेवटच्या आजारात आमच्या यांनी त्या ओळीचं तेवढंच पान माझ्याकडून रोज वाचून घेतलं. आणि आज तीच ओळ मी त्या थेरड्यासाठी मोठ्याने वाचली.

आईसोबत आलेल्या काशीने विचारलं, "मावशी, हे कोन म्हनतंय?"

खोटं सांगायला हवं होतं का? मी म्हणाले, "एक म्हातारी. नवऱ्याच्या मढ्यापाशी बसून."

गोदूबाईने पत्रिका हिसकावली. "शुभकार्यात मढं? लय मोठा अपशकुन केलात बाई! त्यांच्या कानावर गेलं तर?"

"मंग मोडंल का, मावशी?" काशीने हळूच विचारलं, तर आईची चापटी बसली.

गोदूबाई काही सांगणार नाही. पण ओट्यावर चार बाया होत्या, संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बाजारात त्याच्या कानी जाईलच. तिसऱ्या लग्नाला घाबरून रुईशी लग्न लावणारा माणूस, विधवेच्या तोंडून निघालेल्या मढ्याला घाबरणार नाही?

सोनेरी राहू दे अंगठ्यावर. मोडलं लग्न, तर माझं मोकळं कपाळ एकदा तरी कुणाच्या कामी आलं.