खुर्चीवरचा कोट

९ जानेवारी १९८९, सोमवार
रत्नाने ह्यांचा कोट मागितला. शाळेच्या गॅदरिंगला! नववीचा वर्ग विनोदी संगीत नाटक करतोय — सरकारी ऑफिसातलं. जीवराम सरांनी लिहिलंय. "आई, त्यात साहेबापेक्षा कोटच मोठा," म्हणाली. बाबा खुर्चीवर कोट टाकून दुपारी घरी यायचे, ते हिनेच सरांना सांगितलं म्हणे.

यायचेच. एकच्या ठोक्याला. कोट खुर्चीवर म्हणजे माणूस हजर — त्या ऑफिसातली रीतच ती. जळगावचा एप्रिल, पंखासुद्धा गरम वारा फेकतो, अन् खुर्चीला लोकरीचा कोट! घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, दहा मिनिटं पाठ टेकायची, की परत.

कोट दिला. द्यावा असं वाटलं नाही, देऊ नये असंही नाही. ते गेल्यापासून कशाचंच काही वाटत नाही.

१२ जानेवारी
ऑफिसचा शिपाई तोताराम येऊन गेला. ह्यांच्या जागेवर मला घेणार आहेत. अर्ज महिनाअखेरपर्यंत द्यायचाय. "वहिनी, सही करी टाका." अर्ज पिठाच्या डब्याखाली ठेवला. त्या खुर्चीत मी बसायचं?

१३ जानेवारी
विशेष काही नाही. मेथी निवडली.

२० जानेवारी, शुक्रवार
नाटक पाहून आले. ह्यांच्या ऑफिसातले बरेच जण होते, त्यांचीही मुलं त्याच शाळेत. मला पुढच्या बाकावर बसवलं.

स्टेजवर चार टेबलं, मधल्या खुर्चीवर ह्यांचा कोट. पेटीवर जीवराम सर. "साहेब कुठे? — कोट इथे!" असं गाणं. कोटाला चहा येतो, कोटाला बढती मिळते. लोक पोट धरून हसत होते.

मग रत्ना आली, त्या कोटवाल्या साहेबाची बायको होऊन. माझी हिरवी साडी, हातात डबा. "आमचे हे जेवायला आले नाहीत. कुठे आहेत?" सगळे गातात, "इथंच आहेत, कोट आहे!" ती कोट उचलून झटकते. "ह्यात माणूस नाहीये. चला, शोधायला." अन् सगळे शोधत सुटतात, टेबलाखाली, कपाटात. तो रद्दीच्या ढिगामागे घोरत सापडतो. टाळ्याच टाळ्या!

मी हसले नाही. रडलेही नाही. रत्नाच्या निऱ्या नीट खोचलेल्या नव्हत्या, तेवढं दिसलं.

बाहेर तोताराम भिंतीला टेकून रडत होता. "वहिनी, भाऊ एकलेच निंघनात. कोट खुर्चीवर व्हता. आम्हले वाटनं, आठेच शेतस. पाच वाजेलोंग कोनी देखाले गयं नही." म्हणजे हे एकलाच निघाले होते, अन् कोट बघून सगळ्यांना इथेच आहेत वाटलं, पाचपर्यंत बघायला कोणी गेलं नाही. घरी चल म्हणून रत्नाला हाक मारली.

२१ जानेवारी
ऑफिसने सांगितलं होतं, सुटल्यावर घरी येताना नाल्याजवळ ऊन लागून पडले. मी ते धरून ठेवलं होतं. म्हणजे एकला आले नाहीत ते कामामुळेच — असं मानता येत होतं. आता येत नाही. चार तास ते नाल्याजवळच्या निंबाखाली पडून होते. घरापासून दहा मिनिटांवर.

तोताराम रडतो. पण ऑफिसातल्यांना निदान कोट दिसत होता. मला तर कळत होतं, माणूस आला नाही. त्या दिवशी दीडपर्यंत वाट पाहिली. भाकरी झाकून ठेवली. जेवून घेतलं. दार लावून झोपले. नाटकातली बायको डबा घेऊन निघाली. मी निघाले नाही.

हे कुणालाच सांगितलेलं नाही. तोतारामलाही नाही.

३० जानेवारी
रत्नाने कोट आणून दिला. "नाटक आवडलं नाही का तुला?"
"आवडलं."
"मग काही बोलत का नाहीस?"
पिठाचा डबा उचलला, अर्ज काढला, सही केली.

१७ एप्रिल, सोमवार
कामावरचा आठवा दिवस. दीड वाजला, शेजारच्या टेबलाचे मगनभाऊ जागेवर नाहीत. खुर्चीला कोट. "इथंच असतील," सगळे म्हणाले. मी उठले. भर उन्हात नाल्यापर्यंत गेले. निंबाखाली कोणी नव्हतं. पलीकडे रसवंतीवर मगनभाऊ रस पीत बसलेले. मला पाहून गडबडले. "काय झालं वहिनी? साहेबांनी विचारलं का?" मी तिथेच बाकावर बसले आणि रडले. ते जाऊन वर्ष होत आलं, आज पहिल्यांदा.