ओल्या भिंतीवरचा रंग

मंगळवार, संध्याकाळ

बाथरूमच्या रंगाचे पोपडे निघालेत. पेंटर वसंतभाऊंनी बजावलं होतं, "ताई, भिंत ओली हाय. आठ दिवस वाळू द्या, मंग प्रायमर मारू." पण घाई मलाच, मुलीचा साखरपुडा होता. ओल्या भिंतीवरच रंग मारायला लावला. आणि शेजारच्या कुंदाताईंना काय सांगितलं मी? माणूस कामचुकार आहे! कुंदाताईंनी त्यांच्या घराच्या रंगाचं ठरलेलं काम वसंतभाऊंकडून काढून घेतलं.

आज ते स्वतःहून भिंत खरवडायला आले. म्हणाले, "चूक माहीच हाय ताई. म्या तुमचं आयकाले नव्हतं पाहिजे."

मी फक्त चहा दिला. चूक माझी होती, हे मी का नाही बोलले तेव्हाच?

ते गेल्यावर कुंदाताईंकडे जाऊन खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता तं दुसरा पेंटर लागला वं कामाले."