अज्ञात दात्याची रोपं

दि. ९ मार्च

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंची पाठ कशी आहे? माझी खोली रंगवायला त्यांना शिडीवर कशाला चढवलंस? फोटो पाहिला, पडदे छानच आहेत. बाथरूममध्ये धरायला दांडासुद्धा लावलास! अगं, मी रोज पाच-सहा किलोमीटर वाळू तुडवते, मला कसला दांडा? असो. खोलीबद्दल नंतर लिहिते.

आधी एक गंमत ऐक. आमच्या ट्रस्टच्या किनाऱ्याला लागून साधकांची वस्ती आहे, तुला ठाऊकच आहे. सूर्यचुलीवर रांधतात, अंघोळीचं पाणी झाडांना देतात आणि दुपारी बारापर्यंत मौन पाळतात. माझी राखणदारी पहाटेपासून अकरापर्यंत. म्हणजे त्यांनी तोंड उघडायच्या आत मी घरी.

जानेवारीत एका सकाळी वाळूच्या टेकाडावर सुरूची चाळीस रोपं लावलेली दिसली. माझं डोकंच फिरलं. ट्रस्टने ती जागा राखलीय किनारी पक्ष्यांसाठी. ते उघड्या वाळूत अंडी घालतात. झाडं आली की त्यांवर कावळे बसणार आणि अंडी फस्त करणार. मी सगळी रोपं उपटली. पण मारून टाकायला हात धजेना, म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून वस्तीच्या फाटकाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाहते तर चाळीसच्या चाळीस पुन्हा उभी! म्हटलं, बघूच आधी कोण थकतं ते. तीन आठवडे मी उपटत होते आणि कुणीतरी लावत होतं. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

शेवटी एक दिवस मी दुपारी तिथेच ठाण मांडलं. बाराची घंटा झाली आणि वस्तीतले एक सुतार रोपं घेऊन आले. पांढरी दाढी, खिशात मोजपट्टी. मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "बरं झालं भेटलात. रोज आमच्या फाटकाशी रोपं ठेवून जाणारं माणूस पाहिलंत का हो? फार उदार दिसतंय. आम्ही फलकावर आभारसुद्धा लिहिलेत, अज्ञात दात्याचे."

"आणि आदल्या दिवशी लावलेल्यांचं काय होतं, असं वाटतं तुम्हाला?"

"समुद्र नेतो. म्हणून तर रोज लावतो."

भांडायला बसले होते गं मी! पण असं हसू फुटलं की उठताच येईना. सगळं सांगितल्यावर ते माझ्याहून जोरात हसले. त्याच दुपारी आम्ही दोघांनी ती रोपं वस्तीच्या मागे, रस्त्याच्या कडेला लावली. एकोणतीस जगली आहेत. आणि टेकाडावर यंदा एकवीस घरटी झालीत.

आता ते पहाटे माझ्याबरोबर फेरीला येतात. मौन त्यांचं असतं, माझं नसतं. बारा वाजले की मी सकाळी जे जे बडबडले त्याची ओळीने उत्तरं देतात, एकही विसरत नाहीत. तुझे बाबा गेल्यापासून माझं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

तुझ्या लक्षात आलं असेलच. मीच इतका वेळ आडून आडून लिहितेय. चिमणे, मी तुझ्याकडे राहायला येत नाही. आम्ही लग्न करतोय. येत्या सव्वीस तारखेला, नोंदणी कार्यालयात. चौसष्टाव्या वर्षी! लिहितानासुद्धा कान तापलेत माझे. राहू ट्रस्टने दिलेल्या माझ्याच घरात, त्यांची हरकत नाही. आणि तुझ्या बाबांची जागा जिथल्या तिथे आहे, ती कुणी मागितलेली नाही. मला फार आनंद झालाय गं, आणि तुला सांगायची तितकीच धास्ती वाटत होती.

राग आला तर फोन करून खुशाल ओरड, मी ऐकेन. फक्त अबोला धरू नकोस. तेवढा मला सोसायचा नाही.

लग्नाच्या कागदावर साक्षीदारांच्या सह्या लागतात. ट्रस्टमधले सगळे पेन घेऊन तयार आहेत. पण एक रकाना मी कोरा ठेवलाय, तिथे कुणालाही हात लावू दिलेला नाही.

वाट पाहणारी,
तुझी आई आणि सव्वीस तारखेची नवरी