बाबांना आवाज द्यायचा नाही

नागपूर, रविवार

प्रिय आई,

पत्र बघून घाबरू नकोस. मी बरी आहे, वेळेवर जेवते, आणि नाही, वाळलेली नाही. फोन सोडून पत्र का, तर तू फोन उचलतेस आणि लगेच स्पीकरवर टाकतेस, आणि आनंदा आत्या भाजी निवडता निवडता माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर देते. उद्या चंद्रभानकाका आपल्या दुकानासाठी फुलं न्यायला इथे येतील, त्यांच्या हाती हे देते. पियुष दुकानावर असेल आणि आत्या दुपारची लवंडली असेल, तेव्हा एकटी बसून वाच.

आधी तुझ्या लेकाचं, पियुषचं. तू सेलूला नेऊन काढलेली त्याची ईसीजीची पट्टी मी चारदा मोजली, मग माझ्या मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, काठावर आहे. म्हणजे आजार आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही. हृदय प्रत्येक ठोक्यानंतर जरासा दम घेतं. काही घराण्यांत हा दम थोडा लांबतो. माणूस एरवी धडधाकट असतो, पोती उचलतो, पण अचानक दचकला तर ठोके भलत्याच तालावर जाऊ शकतात. विसर्जनाच्या दिवशी पाठीमागे सुतळी बॉम्ब फुटला आणि पियुष पडला, तो उपाशी होता म्हणून पडला की या कारणानं, हे नुसती पट्टी सांगत नाही. म्हणून गुरुवारी त्याला घेऊन ये. नऊला ओपीडी सुरू होते. तोवर त्याच्या उशाशी मोबाईल ठेवू देऊ नकोस, चिडला तरी. आणि मला विचारल्याशिवाय सर्दीतापाची गोळीसुद्धा देऊ नकोस.

माझं शिक्षण कसलं, हे तू गावभर सांगतेस ते मला कळलं आहे. ‘आमची रक्षा काळजाची वायरमन हाय.’ त्यावर आत्याचं, ‘इतकं शिकून शेवटी वायरमनच झाली का वो पोरगी?’ हे मी इथे सांगितलं तर सगळे पोट धरून हसले. पण तू बरोबरच सांगतेस. हृदयात वीज कुठून निघते, कुठे अडते, कुठे आडवाटेनं फिरते ते शोधायचं. मांडीच्या शिरेतून बारीक तारा वर न्यायच्या आणि चुकीची वाट तेवढी जाळायची. अंगावर शिशाचा एप्रन घालून पाच-पाच तास उभं राहायचं. संध्याकाळी तो उतरवला की खांदे हलके होतात आणि मला पहिली तुझी आठवण येते. तू डोक्याला तेल लावायचीस आणि लावता लावता रागवायचीस, तसं इथे कोणी करत नाही. हॉस्टेलच्या गच्चीवरून वर्ध्याकडे जाणारा रस्ता दिसतो. लाल बस दिसली की मी मनात मोजते, आता बुटीबोरी, आता सेलडोह, आता केळझरचा फाटा, आता कोणीतरी उतरलं आणि ती मी नाही.

दर रविवारी तू विचारतेस, ‘काऊन येत नाई वो माय? दीड घंट्याचा तं रस्ता हाय.’ मी ड्युटी सांगते. आई, फेब्रुवारीपासून मला बारा सुट्ट्या मिळाल्या. बाराही मी खोलीत झोपून काढल्या.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मॅडम आम्हा तिघांना शिकवत होत्या. हाच आजार, पियुषची शंका आहे तो. त्यांनी विचारलं, घरात कोणी अचानक गेलं असेल तर नातेवाइकांना काय विचारायचं? माझ्यासोबतच्या अंकितनं चार-पाच गोष्टी सांगितल्या. मॅडम म्हणाल्या, आणखी एक. झोपेत असताना जवळ फोन, गजर, दारावरची बेल असं काही वाजलं होतं का? या आजाराच्या एका प्रकारात तेवढ्यानं माणूस जातो. मी वहीत लिहून घेत होते. अर्ध्या ओळीवर माझा हात थांबला.

कारण आपल्या घरात बाबांना कोणी आवाज देऊन उठवत नव्हतं. तुझं लग्न नवं असताना फळीवरून परात पडली, बाबा झोपेतून दचकून उठले आणि डोळे फिरवून आडवे झाले. डॉक्टरनं मिरगी म्हणून गोळ्या दिल्या. तू गोळ्या दिल्यास, पण आपला म्हणून एक कायदाही केलास, ‘त्यायले आवाज नोको देऊ, हातानं उठव.’ लग्नात आलेलं गजराचं घड्याळ तू माहेरी देऊन टाकलंस. रोज पहाटे त्यांच्या पायथ्याशी बसायचीस आणि ते डोळे उघडेपर्यंत तळवे चोळायचीस. ‘राजा हाय का हा, पाय चोळून उठवाले?’ असं आत्या म्हणायची, आणि मीही तिच्याबरोबर हसायचे. सातवी शिकलेली तू. आम्हाला इतकी वर्षं शिकून जे कळतं ते तू त्या एका परातीवरून ओळखलंस आणि तेवीस वर्षं त्यांना जपलंस. एकाही डॉक्टरला ते जमलं नाही.

मला हे सगळं माहीत होतं. तरी माझ्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी बाबांच्या बटनांच्या फोनमध्ये सव्वाचारचा गजर लावला आणि फोन त्यांच्या उशीखाली सरकवला. बाबा मला मोटरसायकलनं फाट्यावर सोडणार होते. तुझा डोळा लागला तर माझी बस चुकेल, असं मला वाटलं. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. पहाटे मी न्हाणीत होते आणि तू चुलीपाशी माझ्या डब्याच्या पोळ्या करत होतीस. गजर वाजला, बराच वेळ वाजला, मग बंद झाला. मी बाहेर आले तेव्हा बाबांचं डोकं तुझ्या मांडीवर होतं आणि तुझी एक मूठ पदराखाली होती. त्या मुठीत फोन होता. मी पाहिला, आणि मी पाहिला हे तूही पाहिलंस.

तेरा वर्षं झाली. आत्यानं विचारलं, गावानं विचारलं, पियुषनं लहानपणी शंभरदा विचारलं. तू प्रत्येकाला एकच सांगितलंस, ‘झोपेतच गेले, शांत गेले.’ मला कधी एका शब्दानं बोलली नाहीस. पुढच्या वर्षी परीक्षेला निघताना दही ठेवलंस हातावर. फेब्रुवारीपर्यंत मला वाटायचं, तुला माझा राग आहे आणि तू तो गिळतेस. आता वाटतं, तू मला वाचवत होतीस, आणि हे रागापेक्षा मला जास्त जड जातं.

गुरुवारी मॅडम तुला विचारतील, मुलाचे वडील कसे गेले? त्यांच्या शेजारी कागद घेऊन मी बसलेली असेन, कारण हकीकत लिहून घेणं हे माझं काम आहे. तू माझ्याकडे बघशील आणि सवयीनं म्हणशील, झोपेत गेले. आई, ते म्हणू नकोस. तेवढं एक वाक्य मी कागदावर लिहिलं तर पियुषची पट्टी काठावरच राहील आणि आम्ही त्याला साधी चक्कर म्हणून घरी पाठवू. परातीचं सांग. गजर वाजला होता म्हणून सांग. पियुष ऐकेल, ऐकू दे. मॅडमनी विचारलं की तो कोणी लावला होता, तर माझं नाव घे. मी खाली मान घालून लिहीन, पण लिहीन. आणि एवढं सगळं झाल्यावर तुला मी घरात चालत असेन, तर संध्याकाळच्या बसनं मला सोबत घेऊन जा.

तुझीच पोर,
रक्षा