पोलादाच्या थराखालचं तेल

आण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी वाद घालायची भीती वाटत नाही. गिरणीच्या इंजिनाचा शाफ्ट, तो पोलादाचा जाड दांडा, बेअरिंगपाशी झिजला होता. दसऱ्याला गिरणी बंद असताना भरून देतो, असा शब्द तुम्ही साहेबाला दिलात आणि त्या शब्दावर आपलं मिस्त्रीपण पणाला लावलंत. विलायतेहून धातू फवारायचं नवीन पिस्तूल आलं होतं. मागून पोलादी तार शिरायची, ज्वाळेत वितळायची आणि हवेच्या झोताने तिचे थेंब शाफ्टवर आपटून चपटे व्हायचे. भाकरीवर भाकरी रचावी तसा थर चढायचा, मधे बारीक पोकळ्या ठेवून. मी तुमचा मुलगा, तुमच्याच हाताखाली फिटर होतो, तोंडाने फटकळ. "ह्यो थर एकजीव होत न्हाय," तुम्ही मला सांगितलंत, "नुसता धरून बसतोय. खाली खरबरीत पायजे आन् कोरडं पायजे." म्हणून वाळूच्या माऱ्याने तेवढा भाग खरबरीत करून तुम्ही स्वच्छ फडक्यात गुंडाळलात.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. विणकाम खात्याचा मुकादम, तुमचा जुना सोबती, सकाळीच पूजेला आला. त्या दिवशी लोखंड कोरडं ठेवणं म्हणजे त्याच्या लेखी पोराला न्हाऊ घालून तेलाविना ठेवणं. त्याने फडकं सोडलं, तेलाचा हात फिरवला, वरचं तेल पुसून घेतलं, शाफ्टच्या टोकाला कुंकू लावलं आणि होतं तसं गुंडाळलं. दुपारी तुम्हाला दिसलं ते फक्त कुंकू. टोकाला फवारायचं नव्हतंच, तुम्ही हसलात. थर देखणा चढला. मापात आणायला शाफ्ट लेथवर घेतला आणि थर संत्र्याच्या सालीसारखा सुटून आला, आतून तेलकट.

मुकादम रडकुंडीला आला. "मिस्त्री, देवाचं तेल होतं की वो!"

"पोलादाला काय कळतंय कुणाचं हाय ते? गप ऱ्हा आता."

साहेबाने विचारलं, हात कोणी लावला? मुकादमाचं नाव निघालं असतं तर त्याची नोकरी तिथल्या तिथे गेली असती. "मीच, साहेब," तुम्ही म्हणालात. शाफ्ट पुन्हा घासून, पुन्हा फवारून तुम्हीच बसवलात, आणि मिस्त्रीपण गमावून त्याच गिरणीत साधे फिटर म्हणून उभे राहिलात.

स्वयंपाकघरात मी फणकारलो, "चूक त्येची आन् शिक्षा तुमाला?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "त्येच्या घरी पोरी हायत. आन् वंगाळ काय केलं त्यानं? लई माया केली, येवढंच."

पुढे मी गिरणी सोडली, लोकांची टिंगल लिहून पोट भरू लागलो. या दसऱ्यावरही कितीदा लिहायला बसलो. साहेबावर चार वाक्यं झकास जमतात, मुकादमावर दोन. मग तुम्ही येता आणि पेन अडतं. तुमचं चुकलं, असंच मला अजून वाटतं. फक्त तुमच्या जागी मी असतो तर मुकादमाचं नाव सांगून मोकळा झालो असतो, हेही मला पक्कं ठाऊक आहे. हे पत्र धाडायला पत्ता नाही, आण्णा. बरंच आहे.