दोन ठोक्यांमधली खरखर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा श्रवणयंत्रे व रेडिओ दुरुस्ती, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारी माणसे माझ्याआधीच गेली. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणतात, काळजीचे कारण नाही. मीही गिऱ्हाइकांना हेच सांगून मग त्यांचा रेडिओ उघडत आले, म्हणून आधी लिहिलेले बरे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. दुकान, मागची खोली, वरच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव मी माझ्या पुतणीला देते. घरात तिला सगळे उचापत म्हणतात. वयाच्या सातव्या वर्षी तिने माझा चालू रेडिओ उघडून बंद पाडला आणि आठव्या वर्षी तोच परत चालू केला, त्याच दिवशी हे कलम माझ्या मनात लिहून झाले होते. आता ती बत्तीस वर्षांची आहे आणि तारांवरचे तिचे सोल्डरचे टाके माझ्यापेक्षा स्वच्छ असतात. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटले नाही. इथे म्हणते.

कलम २. हृदयाचे आवाज पडद्यावर रेघेने दाखवणारे यंत्र, जे डॉक्टरांच्या दवाखान्यात आहे पण कागदोपत्री माझे आहे, ते मी डॉक्टरांना देते.

डॉक्टर म्हणजे गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेल्या बाई. तीस वर्षांपूर्वी त्या आपले श्रवणयंत्र दुरुस्तीला घेऊन आल्या. यंत्रात काही बिघाड नव्हता. बिघाड कानात होता आणि वाढत चालला होता. त्यांनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढून माझ्या काउंटरवर ठेवला.

"हा आता माझ्या कामाचा नाही," त्या म्हणाल्या. "ह्यातून जे येतं ते मला डोळ्यांनी दिसेल, असं काही करता येईल का?"

ऐकू येईनासे झाल्यावर माझ्या काउंटरवर रडलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. ऐकू येईनासे झाल्यावर पुढच्या कामाचे विचारणारी ही पहिलीच. मी हो म्हणून बसले. कसे करायचे याचा मला पत्ता नव्हता.

छातीला लावायचा मायक्रोफोन मी श्रवणयंत्रातला घेतला, पडदा एका भंगारातल्या तपासणी यंत्राचा. चाचणीला छाती माझीच. दुसऱ्या कोणाला रोज सकाळी बसवून ठेवणार? महिन्याभरात पहिला ठोका दिसला, मग दुसरा. पण दोहोंच्या मध्ये सतत खरखर. मी तारा बदलल्या, मायक्रोफोन बदलला, डबीला आतून पत्रा लावला. खरखर जाईना. शेवटी चार महिने खपून मी एक चाळणी बसवली, म्हणजे मधला तेवढा आवाज गाळणारी जोडणी, आणि रेघ कशी लोण्यासारखी झाली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

डॉक्टर आल्या त्या एका दूधवाल्याला घेऊन. त्याच्या झडपेत दोष आहे, ठोक्यांच्या मध्ये आवाज येतो, असे मोठ्या इस्पितळाच्या कागदावर लिहिलेले होते. माझ्या पडद्यावर त्याची रेघ गुळगुळीत. डॉक्टर रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "ह्याच्यावर विसंबून मी ह्यांना घरी पाठवलं असतं."

मी चाळणी काढली. दूधवाल्याची खरखर दिसली, पण ती यंत्राची नाही कशावरून? माझा भाऊ तेवढ्यात शिडी मागायला आला होता. त्याचा शर्ट वर करून त्याला लावले: दोन ठोके, मध्ये काही नाही. मग मला लावले. खरखर हजर. मी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर उचलला, तर डॉक्टरांनी माझे मनगट धरले.

"यंत्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा."

चार महिने मी ज्याला यंत्राचा दोष समजून गाळत होते, तो माझ्या झडपेचा दोष होता. त्या दिवसापासून दर सहा महिन्यांनी डॉक्टरांनी माझी रेघ कागदाच्या पट्टीवर उतरवून घेतली, मागच्या पट्टीशेजारी ठेवली आणि भिंगातून पाहिली. यंदाची पाहून म्हणाल्या, "आता थांबायचं नाही." एकही ठोका न ऐकता या बाईंनी मला तीस वर्षे सांभाळले. मी यंत्र बनवले हे खरे. पण त्याच्याकडे पाहायचे कसे, हे त्यांनी एकटीने शोधून काढले. इतके शहाणे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही.

कलम ३. दुकान घेताना उचापतीवर एक अट आहे. डॉक्टर जोवर दवाखाना चालवतील तोवर ते यंत्र बंद राहता कामा नये. बिघडले तर हातातले काम टाकून जायचे. त्या यंत्राला जोडीदार नाही, आणि ते नसेल तर त्या दवाखान्याला कुलूप लागेल.

यंत्राचे आराखडे कोणी मागितले तर फुकट द्यावेत. एका कंपनीचे साहेब येऊन गेले होते. त्यांना चाळणी कायमची बसवून हवी होती, म्हणाले, "रेघ छान दिसते हो, गिऱ्हाईक खूश होतं." अशा माणसाला चहा द्यावा, आराखडा देऊ नये.

कलम ४. माझा भाऊ इंजिनिअर आहे. कॉलेजला तो गेला आणि दुकानात मी बसले. का, ते विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. यंत्राचे ऐकून तो म्हणाला होता, "आता छातीला टीव्ही लावणार का?" त्याला मी माझा मल्टिमीटर देते. वापरायला उचापत शिकवील. पण निरोगी छाती त्याने वेळेवर आणली, हेही इथे नोंदवते. शिडी अजून त्याच्याकडेच आहे. ती त्यालाच राहू द्यावी.

कलम ५. मोठ्या इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी आम्ही यंत्र दाखवायला गेलो तेव्हा चारचौघांत आमच्या डॉक्टरांना सुनावले होते, "हृदय ही ऐकायची गोष्ट आहे. ऐकू येत नसेल तर औषधाचं दुकान टाका." मी तिथे होते. मी काही बोलले नाही, याची मला अजून लाज वाटते. डॉक्टरांनी माझ्या काउंटरवर सोडलेला स्टेथोस्कोप मी मोठ्या डॉक्टरांना देते. तो चांगल्या स्थितीत आहे. त्यांचे कान आता तसे राहिले नाहीत, असे ऐकते.

कलम ६. मी शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांकडून घेता येत नाही. त्यांना वाटा मिळतो आहे, वकील नको म्हणाले. दुसरे कोण, तर मोठे डॉक्टर. जुना स्टेथोस्कोप हा वाटा धरत नाहीत, हेही वकिलांनीच सांगितले. आज सकाळी दवाखान्यात यायचा निरोप धाडला. आले. आपल्या कानांकडे बोट दाखवून दारातच उभे राहिले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनीच त्यांना खुर्ची दिली आणि यंत्र त्यांच्याकडे वळवले.

कलम ७. या लेखात कोठेही खाडाखोड नाही. अंगठ्याच्या ठशाऐवजी खाली माझ्या हृदयाची आजची पट्टी चिकटवली आहे. दोन ठोक्यांच्या मध्ये जो खडबडीत भाग दिसतो तो डाग नव्हे. गुरुवारनंतर तो राहणार नाही, मी राहिले तरी. तो माझा आहे. कोणी साफ करू नये.

ठिकाण: दुकानामागची खोली.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार, सकाळी अकरा.

सही: दुकानवाली

साक्षीदार:
१. शेजारचे घड्याळजी. (बाईंनी माझ्यासमोर सही केली. तेव्हा बरोबर अकरा वाजले होते.)
२. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका. (मजकूर वाचून पाहिला. शुद्धलेखन ठीक.)

दाखला: बाईंना मी आज तपासले. मन पूर्ण शाबूत आहे. हृदयात दोन ठोक्यांच्या मध्ये दोष आहे. तो मी स्वतः पाहिला. कसा पाहायचा, ते डॉक्टरांनी मला शिकवले.
सही: मोठे डॉक्टर, निवृत्त