जाळीवरचे काळे ठिपके

प्रिय कुंदाताई,

तुम्हाला जाऊन महिना झाला. पत्र आज लिहितेय, कारण आपल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या खोलीत विचारायला आता कोणी नाही आणि पेपर पाठवायचा का, याचं सरांना उद्या उत्तर हवंय.

तुमचा शेवटचा फोटो आठवतो? उंदराच्या यकृताच्या पेशीचा? त्यात काळे ठिपके आहेत. सर म्हणतात, ते आपल्या औषधातल्या लोहाचे कण. औषध पेशीत पोहोचलं! पेपर तयार आहे, फोटोखाली तुमचं नाव. मी नुसती मान हलवली. का हलवली, देव जाणे.

तुम्हीच शिकवलंत ना, पेशी मुळात फिकट, शिसं चढवल्याशिवाय धड काही दिसत नाही. आणि ते चढवताना, पेशीचे काप ज्यावर ठेवतो त्या तांब्याच्या इवल्या जाळीवर श्वास सोडायचा नाही, नाहीतर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने शिशाचे काळे कण बसतात. माझ्या पहिल्या जाळीवर ते भरभरून बसले होते. तुम्ही म्हणालात, "अहो बाई, पेशीचा फोटो मागितलाय, तिळाच्या चिक्कीचा नाही." कसबा पेठेतल्या बाईकडून आणखी काय ऐकायला मिळणार! मी दोन दिवस फुगून बसले होते.

मग तुमच्या जाळीवर ठिपके कसे? इतक्या वर्षांत कधी पडले नाहीत. पण शेवटी शेवटी जिना चढलात की दम लागायचा, खोकला आवरायचा नाही. जाळ्या मी करते म्हटलं, तर तुम्ही माझ्या हातातून चिमटाच काढून घेतलात. मी तो परत का नाही घेतला हो?

तुम्हाला ठिपके दिसले नाहीत? की दिसले आणि सांगायचं राहिलं? तुम्ही आणि लपवाल? छे! आणि खरंच औषध असेल, तर मी मेलेल्या माणसावर उगाच संशय घेतेय. डोकं नुसतं भणभणतंय. असा पेच कोणी मागे ठेवून जातं का?

म्हणून सकाळी त्याच नमुन्याचे नवे काप काढले आणि शिसं न लावताच पाहिले. लोह असतं तर तसंही काळं दिसलं असतं. एकही ठिपका नाही. मग शिसं लावून पाहिलं, श्वास रोखून. तरीही नाही.

म्हणजे ताई, ते औषध नाही. तुमचा श्वास आहे तो.

रडावं की सुटले म्हणावं, कळेना. उद्या सरांना खरं सांगणार. फोटो नवा जाईल, त्याखालचं तुमचं नाव निघेल. वाईट वाटतंय; पण चुकीच्या फोटोखालचं नाव तुम्हीच आधी खोडलं असतंत. ती जाळी मात्र मी टाकणार नाही. कोणी कितीही खराब म्हणो, शब्द देते.

तुमची,
अश्विनी